मागची मात्रा

"या माणसाला ऐकू येत नाहीये," ध्वनिसंग्रहातल्या बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून साडीच्या पदराला पुसायला लागल्या.

मंगळवारची सकाळ होती. संगीत महाविद्यालयाच्या तळघरातली ही खोली नेहमीच गार असायची. लोखंडी मांडण्यांवर फितींचे चौकोनी डबे दाटीवाटीने उभे, मधे एक टेबल, टेबलावर पडदा. तो स्वेटर घालून यायला विसरला होता आणि चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसला होता. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी त्याचं निरोपाचं व्याख्यान होतं. पंचवीस वर्षं शिकवून झाली होती, आता निवृत्ती. व्याख्यानात दाखवायला काहीतरी जुनं मिळतंय का, हे बाई महिनाभर शोधत होत्या, आणि काल त्यांना ही फिल्म सापडली होती. छत्तीस वर्षांपूर्वी एका सभागृहात दिव्यांचं काम बघणाऱ्या माणसाने हौसेखातर स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतलेली. तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनी अख्खं खोकंच महाविद्यालयाला देऊन टाकलं होतं. फिल्म मुकी होती. बाईंनी तिला त्याच कार्यक्रमाच्या ध्वनिफितीतला आवाज जोडला होता, आणि आता पडद्यावर चार तरुण माणसं जॅझ वाजवत होती. ड्रमच्या मागे बसलेला, केस कपाळावर आलेला, मान किंचित तिरकी केलेला, तो स्वतः. अठ्ठावीस वर्षांचा.

"कोणाला?" त्याने विचारलं.

"या उंच माणसाला." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. चौकडीतला डबल बेसवाला. माणसाएवढं उंच ते वाद्य खांद्याला टेकवून, बोटांनी जाड तारा ओढत तो उभा होता. "आमचे वडील शेवटची बारा वर्षं असेच बघायचे. समोरच्याच्या तोंडाकडे. हे तुमच्या हाताकडे बघतायत. पापणीसुद्धा जपून मिटतायत, बघा."

तो हसला. "तो होताच तसा. टक लावून बघायची खोडच होती त्याला."

 बाईंनी फिल्म थोडी पुढे नेली. सॅक्सोफोनवाला आपल्या जागेवरून सरकून पुढे आला आणि ड्रम आणि डबल बेस यांच्या बरोबर मधे उभा राहिला. उंच माणसाने मान डावीकडे झुकवली. मग उजवीकडे. मग तो टाचा उंचावून बघायला लागला, नाटकात पुढच्या रांगेत कुणी दांडगा येऊन बसल्यावर मागचा माणूस बघतो तसा. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून याने चहाचा कप टेबलावर ठेवला. सॅक्सोफोनवाला बाजूला झाला, आणि त्या उंच माणसाचे खांदे एकदम खाली आले. सुटल्यासारखे.

अकरा सेकंद. ती अकरा सेकंदं हा जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त ओळखत होता. त्या अकरा सेकंदांवर याच्या पुस्तकात चाळीस पानांचं प्रकरण होतं.

"मी कुणाला बोलणार नाहीये," बाई म्हणाल्या. "डबा मांडणीवर ठेवते. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

तो जिना चढून वर आला. वरच्या मजल्यावर सरावाच्या खोल्या होत्या, जाड दारांच्या, आणि तिसऱ्या दारामागे कुणीतरी ड्रम वाजवत होतं. ठेका संथ होता आणि प्रत्येक चौथा ठोका यायचा तेव्हा येत नव्हता. एक केसभर थांबून, आळस दिल्यासारखा यायचा. आत कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती, कारण हे त्याचंच होतं, त्यानेच शिकवलेलं. मागे बसा. पुढे पळू नका. ठोका येऊ दे, त्याला आणायला जाऊ नका. पंचवीस वर्षांत ही वाक्यं त्याने इतक्यांदा म्हटली होती की मुलं त्याच्या मागे त्याची नक्कल करायची, आणि ती नक्कल त्याच्या कानावर आली होती, आणि त्याला मनातून आवडलीही होती. आज दाराबाहेर उभं राहून ऐकताना त्याला एकदम अधांतरी वाटलं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

घरी तो चालत गेला. एरवी बसने जायचा. त्याला चालताना पावलं मोजायची सवय होती, मोजतोय हे कळतही नसे इतकी जुनी. वडिलांचा छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, एक कागद आत, एक बाहेर. त्या मशीनच्या चक्राला कुठेतरी झीज झाली होती आणि दर तिसऱ्या फेरीला ते जरा अडखळायचं. मोठ्या माणसांना ते ऐकू येत नसे. तो मात्र शाळेतून आला की रद्दी कागदांच्या गठ्ठ्यावर बसून दोन लाकडी पट्ट्यांनी त्या अडखळण्यासकट वाजवत राहायचा. वडील म्हणायचे, "मशीन दुरुस्त केलं तर हा जेवायचा नाही." ते मशीन वडिलांनी कधीच दुरुस्त केलं नाही, आणि ते याच्यासाठी की आळसाने, हे त्याने विचारलं नाही. पुढे एका निवृत्त बँडवाल्याकडे शिकला, हॉटेलांत वाजवलं, लग्नांत वाजवलं, जहाजावर एक वर्ष काढलं आणि त्यातले चार महिने उलट्या करण्यात काढले. बाविसाव्या वर्षी चौकडी जमली. पियानोवाला, सॅक्सोफोनवाला, तो, आणि डबल बेसवाला. याला सगळे घड्याळ म्हणायचे, कारण याचा ठेका हलायचा नाही. आणि तो उंच माणूस खांब. आपल्या वाद्याशेजारी तो उभा राहिला की दोन्हींतला कोण कोणाला टेकलाय हे सांगता यायचं नाही.

सात वर्षं. आणि त्या सात वर्षांच्या शेवटाजवळ त्या सभागृहातला तो रविवार दुपारचा कार्यक्रम. त्याची फीत कुणीतरी केली, कुणीतरी डब्यात ठेवली. त्यानंतर दोनच महिन्यांनी याने खांबाला काढलं. खांब मागे पडत होता. पूर्वी पडत नसे, पण त्या दीड-दोन वर्षांत याने ठोका टाकावा आणि खांबाचा स्वर किंचित नंतर यावा, असं प्रत्येक वेळी व्हायला लागलं होतं. अंगठ्याखाली खडा असल्यासारखं ते याला टोचायचं. सांगितलं की खांब मान डोलवायचा, हसायचा, आणि पुन्हा तेच. मुद्दाम करतो, असं याला वाटायला लागलं. गर्व चढलाय. काही विचारलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करतो. नवा डबल बेसवाला आला तो अगदी वेळेवर वाजवणारा होता, आणि त्याच्याबरोबर वाजवताना याला पहिल्यांदा ड्रम वाजवायचा कंटाळा आला. वर्षभरात चौकडी मोडली.

मग नोकरी, शिकवणं, मुलगी झाली, कानशिलं पांढरी व्हायला लागली. आणि चाळिशीला टेकताना एकदा ती जुनी फीत त्याने पुन्हा ऐकली आणि तो ताठ उठून बसला. जे टोचत होतं तेच त्यात जिवंत होतं. बाकी सगळं वाजवणं चांगलं होतं, असतं तसं चांगलं. पण ठोका आणि त्याच्या मागून येणारा स्वर यांच्यामधल्या त्या फटीत कुणीतरी श्वास घेत होतं. ती फट त्याने मोजली. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पस्तीस. पापणी लवायला लागतो त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका वेळ. चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमात हजारो स्वर, आणि जवळजवळ प्रत्येक स्वर तेवढाच मागे. फक्त एका जागी, अकरा सेकंद, सगळं विस्कटलेलं. कधी नव्वद मागे, कधी वीस पुढे. त्यावर त्याने प्रबंध लिहिला. मग पुस्तक. फटीला नाव दिलं, मागची मात्रा. विस्कटलेल्या अकरा सेकंदांनाही नाव दिलं, सैल गाठ. कलावंत स्वतःचाच नियम जाणूनबुजून सैल सोडतो तो क्षण, असं त्याने लिहिलं होतं. परदेशी परिषदांना गेला. सैल गाठीवर दुसऱ्या दोघांनी प्रबंध केले. आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत खांबाचे आभार होते, एका ओळीत, पियानोवाल्याच्या आणि सॅक्सोफोनवाल्याच्या मधे.

बायको खिडकीपाशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती. ती भूगोल शिकवायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण अजून कुठलंही पान नकाशासारखं हातभर लांब धरून वाचायची.

"चालत आलात?" ती म्हणाली. "बूट बघा."

त्याने बूट काढले आणि तिला सांगितलं. सगळं नाही, फिल्म आणि बाईंचं वाक्य. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"त्याला ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"आता येत नाही, ते. त्याच्या घरी वहिनीला मी वर्षातून एकदा फोन करते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण त्याचं नाव निघालं की तुम्ही उठून पंखा कमी-जास्त करायला लागता. मला वाटलं, वय झालं, कान गेले. तेव्हापासूनचं असेल हे डोक्यातच आलं नाही." तिने कोडं बाजूला सारलं. "मग तेव्हा तो वाजवत कसा होता?"

"माझा हात बघून."

त्या संध्याकाळी आणि बुधवारी आणि गुरुवारी त्याने पुन्हा सगळं मोजलं. मोजणं हा त्याचा विसावा होता. दुसरी माणसं अशा वेळी बागेत जातात, तो आकड्यांत जायचा. फिल्ममधल्या प्रत्येक चित्राशी त्याने ठोक्यांचे आकडे जुळवले, आणि प्रत्येक जुळणी त्याच्याविरुद्ध साक्ष देत गेली. हात सिंबलच्या पितळी थाळीवर उतरताना दिसतो, तेव्हापासून खांबाचं बोट तार सोडेपर्यंतचं अंतर ठरलेलं. याने हात उंच नेला असेल तिथे खांब जास्त नेमका, कारण हात लांबून येताना दिसतो. याने मनगटातल्या मनगटात वाजवलं असेल तिथे खांब आणखी मागे. ही काही शैली नव्हती. एक माणूस काठावरून पाण्यातल्या माणसाकडे बघतो तसा बघत होता, की आता बुडतो की आता वर येतो. आणि सैल गाठ. चाळीस पानं. ती वाचताना त्याला घाम फुटला, मग एकदम हसू आलं, आणि हसू आवरेना. बायको दारात येऊन बघून गेली. 'येथे कलावंताचे स्वातंत्र्य परमोच्च बिंदूस पोहोचते.' बिचारा टाचा उंचावून उभा होता.

पण त्या आकड्यांपेक्षाही वाईट शुक्रवारची दुपार होती. वर्गात एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, तुम्ही वाजवताना मागची मात्रा पहिल्यांदा कधी जाणवली?" आणि उत्तर द्यायला तोंड उघडताना त्याला उपाहारगृहातला तो दिवस आठवला. तसा आठवायचाच, पण आजवर एका कडेने आठवायचा. आज समोरून आठवला. दुपारचे तीन, मोकळी टेबलं, फरशी पुसलेल्या पाण्याचा वास. खांब समोर बसलेला. याला कुणालाही वाईट सांगताना त्याच्याकडे बघता येत नसे. मान आपोआप खाली जायची. कपातल्या चमच्याकडे बघत याने सांगितलं की आता जमत नाहीये, आम्ही दुसरा माणूस बघितलाय, तू मनाला लावून घेऊ नकोस. तीन-चार वाक्यं. मान वर केली तेव्हा खांब हसत होता. "बरं, बरं," म्हणाला, बिस्किट खाल्लं, आणि खांद्यावर थोपटून गेला. किती समजूतदारपणे घेतलं, असं याला वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी तालमीला खांब आपला डबल बेस घेऊन दारात उभा. आत नवा माणूस तारा लावत बसलेला. खांब त्याच्याकडे बघत राहिला, मग याच्याकडे. याला वाटलं, हा निर्लज्जपणा आहे. तमाशा करायला आलाय. याने तोंड फिरवलं. खांब वळला, आणि ते अवजड धूड घेऊन जिना उतरला; खालपर्यंत ते कठड्याला आपटत गेल्याचा आवाज येत राहिला. कधी आपटू द्यायचा नाही तो वाद्य.

 "उद्या सांगतो," तो म्हणाला, आणि शनिवारी वर्ग नसतो हे कुणी त्याला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी तो गेला. बरोबर गुंडाळलेला कागद घेतला, लांबच्या लांब. पूर्ण कार्यक्रमाचा आलेख, पानाला पान चिकटवलेला. का घेतोय ते त्याला सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, इतकंच. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुचाकी दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी ते घर होतं. पुढची खोली कारखान्यासारखी. बैठक गेलेल्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या, टबात वेत भिजत घातलेला, आणि मधे एका खुर्चीच्या सांगाड्यावर वाकून खांब बैठक विणत होता. केस गेले होते, उंची तेवढीच होती. वहिनी दारात आल्या. त्यांनी याला क्षणभर बघितलं.

"भावजी," त्या म्हणाल्या. "या. किती वर्षांनी." आणि आत जाऊन नवऱ्याच्या नजरेसमोर हात हलवला.

खांबाने मान वर केली. वेताची पट्टी तशीच हातात धरून तो बराच वेळ बघत राहिला. मग मोठ्याने, जरा सपाट आवाजात म्हणाला, "घड्याळ्या! म्हातारा झालास की रे."

बसणं झालं, पाणी झालं. याने तिथे यायच्या वाटेवर जुळवलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं. फरशीवर वेताचे तुकडे पडले होते. त्या तुकड्यांकडे बघत त्याने बोलायला सुरुवात केली. फिल्म सापडली, म्हणाला. आम्ही बघितली. मला तेव्हा कळलं नाही रे, म्हणाला, मी...

"भावजी," वहिनी म्हणाल्या, शांतपणे, "मान वर करून बोला. त्यांना दिसत नाहीये."

त्याने मान वर केली. ते किती अवघड होतं हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. मानेत जणू गंजलेला स्क्रू होता. खांब त्याच्या ओठांकडे बघत होता, त्याच नजरेने, पापणी जपून मिटत. छत्तीस वर्षांपूर्वी त्या नजरेला याने खोड म्हटलं होतं.

"तुला ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला.

"डावा कान आधी गेला. मग दीड वर्षात उजवा. अगदी ठार नाही. तुझा मोठा ड्रम पोटात कळायचा, माझी तार छातीला कळायची. बाकी तुझा हात."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी काढलं असतंस."

"नसतं काढलं."

"बरं, नसतं काढलंस," खांब म्हणाला. "नंतर काढलंसच ना. म्हणजे मला नक्की काय फरक पडला असता ते सांग."

 वहिनी आतून खुर्ची ओढून आणत होत्या, तिचा पाय फरशीला घासला, आणि त्या कर्कश आवाजाने याचा चेहरा आक्रसला. खांबाचा नाही.

"माझ्या सिंबलमुळे गेला का कान? सात वर्षं तुझ्या डाव्या कानाशीच होती ती."

"डॉक्टर म्हणाले, घरातच आहे. माझ्या आत्याला होतं." खांबाने वेताची पट्टी ओल्या फडक्यावरून ओढली. "सिंबलनेही हातभार लावला असेल. कुणी मोजलंय? मोजायचं काम तुझं."

मग याने उपाहारगृहाचं सांगितलं. मान वर ठेवून, एकेक शब्द ओठांवर नीट मांडत, पुन्हा वाचायला लावलेल्या लहान मुलासारखा. की मी तुला काढतोय हे त्या दिवशी कपात बघून बोललो. की तू हसलास ते तुला कळलंच नव्हतं म्हणून. की दारात तू उभा राहिलास तेव्हा मी तोंड फिरवलं. बोलताना आवाज चिरकला. पण खांबाला तो ऐकू येणार नव्हता, आणि त्याचं याला विचित्र बरं वाटलं. इथे आवाजाने काही साधणार नव्हतं, जे आहे ते तोंडावरच दिसणार होतं.

खांब ऐकून, म्हणजे बघून, झाल्यावर म्हणाला, "मला वाटलं, तू सुट्टीचं काहीतरी सांगतोयस. हिला घरी येऊन सांगितलं, आठवडाभर सुट्टी असेल बहुतेक. तरी म्हटलं उद्या जाऊन बघावं." तो खुर्चीच्या सांगाड्याकडे बघत राहिला. "बरंच झालं, असं मी म्हणणार नाही, घड्याळ्या. नव्हतं ते बरं. दोन वर्षं मी त्या पिशवीतून वाद्य काढलं नाही. मग विकलं. आता राग नाही. पण बरं झालं असं कुणी म्हटलं तर अजून येतो."

"नाही म्हणत."

"मग झालं." आणि जरा वेळाने, "ते काय आणलंयस बगलेत?"

त्याने कागद उलगडला. वहिनींनी खुर्च्या बाजूला सारल्या आणि फरशीवर तो भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला, तरी मागच्या खोलीत थोडा गेलाच. वरच्या ओळीत काळे ठिपके, खालच्या ओळीत निळे. काळे माझे, याने सांगितलं. निळे तुझे. डावीकडून उजवीकडे वेळ. प्रत्येक निळा ठिपका आपल्या काळ्याच्या जरा उजवीकडे सरकलेला दिसतोय, ती फट, पुस्तकातली मागची मात्रा.

खांब गुडघ्यांवर बसला. त्याने ती फीत कधी ऐकलीच नव्हती. जिच्यावर पुस्तक निघालं, जिच्यावरून परदेशात भाषणं झाली, ती त्याने ऐकली नव्हती आणि वाजवतानाही ऐकली नव्हती. हा विचार याच्या डोक्यात आजवर एकदाही आला नव्हता, आणि आता तो येऊन छातीवर बसला. खांबाने पहिल्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बोट सरकवायला लागला. सुरुवातीला भरभर, मग हळू. कुठेतरी त्याची डावी बोटं आपोआप वाकायला लागली. हवेतल्या तारा दाबत होती. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. वीस मिनिटं असं चाललं. वहिनी उंबऱ्यावर बसून नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या.

"ही मागची मात्रा नाही," मधेच खांब म्हणाला. "ही चूक आहे. इथे मी चुकलोय."

"पुस्तकात मी त्याला..."

"काय म्हटलंयस?"

याने सांगितलं. खांब इतका हसला की खोकला आला. मग तो अकरा सेकंदांपाशी आला, जिथे निळे ठिपके गारांसारखे उधळले होते, आणि हसायचा थांबला.

"इथे तो गाढव मधे येऊन उभा राहिला," तो हलकेच म्हणाला. "अजून आठवतं. घाबरलो होतो मी."

"गुरुवारी मी हे सांगणार आहे. सगळ्यांसमोर. तू नको म्हणालास तर नाही."

"काय सांगणार?"

"की तू ऐकत नव्हतास."

"असं नको सांगूस. ऐकत होतो. डोळ्यांनी ऐकत होतो, एवढंच. ते तुम्हा कानवाल्यांपेक्षा कष्टाचं असतं." त्याने बोट पुढे नेलं, शेवटच्या पानापर्यंत, शेवटच्या ठिपक्यापर्यंत. त्यानंतर कोरा कागद होता. तो कोऱ्या कागदाकडे बघत राहिला. "टाळ्या पडल्या होत्या का रे?"

"हं?"

"शेवटी. दिव्यांमुळे समोर काही दिसायचं नाही मला. काळोखच. तुम्ही वाकलात म्हणून मीही वाकलो. तुम्हाला विचारायचं म्हणजे कानाचं सांगावं लागलं असतं. टाळ्या पडल्या होत्या का?"

याने आठवून बघितलं. काही आठवेना. तो वाकून उभा होता आणि त्याचं लक्ष सिंबलच्या सैल झालेल्या स्क्रूकडे होतं, ते मात्र लख्ख आठवत होतं. "माहीत नाही," तो म्हणाला. "संशोधनाला टाळ्या लागत नाहीत. माझ्या प्रतीचा शेवट मी कापून टाकला होता."

"मग शोध की," खांब म्हणाला. "संशोधक ना तू?"

गुरुवारचं व्याख्यान त्याने उभं राहून, कागद न बघता दिलं. फिल्म दाखवली, सॅक्सोफोनवाला मधे येतो तो भाग दोनदा दाखवला. आपण काय मोजलं, त्याचा काय अर्थ लावला आणि तो कसा चुकला, हे सांगितलं. उपाहारगृहातलंही सांगितलं, ते सांगायचं ठरलेलं नव्हतं. काही जण अस्वस्थ झाले. सैल गाठीवर प्रबंध केलेला एक प्राध्यापक दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. त्याने विचारलं, "म्हणजे सगळा सिद्धांतच गेला म्हणायचं का?" "आकडे बरोबर आहेत," तो म्हणाला. "शैली म्हणून मी जे वाचलं, ते एका माणसाने दुसऱ्याला दिलेलं लक्ष होतं. इतकं लक्ष मी कुणाला दिलेलं नाही. त्याचा सिद्धांत होतो का, मला माहीत नाही. आता कुणीतरी तरुण माणसाने बघावं." पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला जायची होती, ती त्याने थांबवली. ते प्रकरण नव्याने लिहायचं होतं आणि त्यासाठी दर रविवारी खुर्च्यांच्या त्या खोलीत जावं लागणार होतं; खांबाने अट घातली होती की चुका कुठल्या आणि मुद्दाम केलेलं कुठलं, हे तो स्वतः बोट ठेवून सांगेल आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव वर असेल.

मूळ फीत शीतगृहातल्या कपाटात होती. तिची परवानगी मिळायला सोमवार उजाडला. निवृत्त माणूस म्हणून आता त्याला नोंदवहीत सही करून आत यावं लागलं. बाईंनी हातमोजे घालून रीळ चढवलं आणि शेवटच्या स्वरापाशी आणून सोडलं. स्वर विरला. एक क्षण काहीच नाही. खुर्ची करकरली, कुणीतरी खोकलं. आणि मग ते आलं. आधी एका बाजूने, मग सगळीकडून. तो डोळे मिटून बसला. एकदा ऐकलं, मग सवयीने घड्याळ लावून पुन्हा ऐकलं, आणि फोन काढून दोन बोटांनी टाइप केलं: 'तेवीस सेकंद. आठव्या सेकंदाला कुणीतरी जोरात शिट्टी वाजवली. सोळाव्याला जरा कमी होऊन पुन्हा वाढल्या.'

उत्तर लगेच आलं. 'एवढ्याच?'

तो मोठ्याने हसला. बाईंनी वळून बघितलं. फोन पुन्हा थरथरला.

'शिट्टी हिची होती. मला न सांगता येऊन मागे उभी होती म्हणे. आत्ता कबूल करतेय. दोन बोटं तोंडात घालून दाखवतेय मला, लाजतेय आणि दाखवतेय.'

"बाई," तो म्हणाला, "फीत जरा मागे घेता? आठव्या सेकंदावर."